गर्दीतून वाट मागताना: हाँगकाँगला नव्याने आलेल्यांसाठी रोजची कँटोनीज

नोकरी, शिक्षण किंवा बदलीच्या निमित्ताने हाँगकाँगला राहायला आलेल्या माणसाला कँटोनीज भाषेतले जे बोलणे सर्वांत आधी लागते, त्यात भाव विचारणे किंवा पत्ता विचारणे यांच्याही अगोदर "जरा सरकता का" हे येते. बँक, कार्यालय आणि मोठी दुकाने इंग्रजीवर निभावतात. परंतु २०२१च्या जनगणनेनुसार इथल्या सुमारे ८८ टक्के लोकांची रोजच्या वापरातील भाषा कँटोनीज आहे, आणि मिनीबसमध्ये शेजारी बसलेल्या आजी किंवा बाजाराच्या बोळात पुढ्यात उभे असलेले मासळीवाले काका "एक्सक्यूज मी" म्हटल्यावर वळून पाहतीलच अशी खात्री देता येत नाही. शिवाय फलाट, लिफ्ट, पदपथ आणि उपाहारगृहातली टेबले इथे इतकी जवळजवळ असतात की दिवसातून अनेकदा कुणाला ना कुणाला तरी बाजूला व्हायला सांगावेच लागते. त्यासाठी व्याकरण शिकण्याची गरज नाही, कारण दोन-तीन ठरीव बोल पुरतात. नवखा माणूस अडखळतो तो शब्दांपाशी कमी आणि ते केव्हा, किती अंतरावरून व कोणत्या आवाजात म्हणायचे यापाशी जास्त, म्हणून या लेखात भर त्यावर दिला आहे.

पहिली पायरी: दोन बोल तोंडात बसवणे

सगळ्याचा पाया "म् कॉय" हा बोल आहे. विनंती, छोट्या मदतीबद्दलचे आभार आणि लक्ष वेधून घेणे ही तिन्ही कामे तो एकटा करतो. "म्" म्हणताना तोंड उघडायचे नाही. ओठ मिटूनच आवाज काढायचा, तो खालच्या पट्टीत सुरू करून आणखी खाली जाऊ द्यायचा, आणि लगेच "कॉय" उंच पट्टीत, सरळ, न हेलकावता म्हणायचा. कँटोनीजमध्ये सहा सूर मोजले जातात, पण या बोलासाठी "खाली, मग उंच" एवढे साधले तरी ऐकणाऱ्याला तो कळतो.

पुस्तकांत आणि फोनवरच्या शब्दकोशांत दिसणारी रोमन अक्षरे मराठी माणसाला इथे चकवतात. १९९३मध्ये हाँगकाँगच्या भाषाशास्त्र मंडळाने आखलेल्या ज्यूतपिंग या पद्धतीत हा दुसरा उच्चार "गॉय" असा वाचावा लागेल अशा अक्षरांनी लिहिला जातो, प्रत्यक्षात मात्र तिथे आपला साधा "क" आहे. त्या पद्धतीत ग, द, ब यांसाठीची रोमन अक्षरे अनुक्रमे क, त, प हे अल्पप्राण ध्वनी दाखवतात, आणि क, त, प यांसाठीची अक्षरे ख, थ, फ हे महाप्राण ध्वनी दाखवतात. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हा फरक कानाने पकडायला महिने लागतात. आपल्याकडे तो बाराखडीतच असल्याने रोमन लिपी बाजूला ठेवून देवनागरीत टिपणे काढणे मला केव्हाही बरे वाटते.

दुसरा बोल "च़े च़े", म्हणजे "जरा वाट द्या". यातला च हा "चाक" किंवा "चूक" यांतला दंत्य च आहे, "चहा"तला तालव्य नव्हे, आणि तो आपल्याला आयताच मिळालेला आहे. दोन्ही "च़े" मधल्या पट्टीत, सपाट म्हणायचे. दोन्ही बोल जोडले की "म् कॉय च़े च़े" हे पूर्ण वाक्य तयार होते, आणि या लेखातील निम्म्याहून अधिक प्रसंग तेवढ्यावर निभावतात. सूर बदलला तर हाच "च़े" मोठ्या बहिणीचा किंवा आभाराचाही होऊ शकतो, पण मागे कुणी उभे राहून वाट मागत असताना ऐकणारा त्याचा दुसरा अर्थ लावत बसत नाही, तेव्हा सूर बिघडेल या भीतीने गप्प राहण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी: वेळ आणि आवाज

बोल माणसाच्या पाठीशी पोचण्यापूर्वी, दोन-तीन पावले अलीकडे म्हणावा. त्यामुळे समोरच्याला मागे न वळता, नुसत्या अंगाच्या हालचालीने बाजूला होता येते, आणि बहुतेक जण तसेच करतात. अगदी कानाशी जाऊन म्हटले तर तो दचकतो, आणि दचकलेला माणूस नेमका आपल्याच वाटेत सरकतो. आवाज शेजारच्या माणसाशी बोलतो तेवढाच असावा; "कॉय" उंच पट्टीत असल्याने तो गोंगाटातूनही आपोआप ऐकू जातो. एकदा म्हणून क्षणभर थांबावे, वाट झाली की चालू लागावे, आणि ओलांडून जाताना पुन्हा एक छोटा "म् कॉय" म्हणावा. हा दुसरा "म् कॉय" आभाराचा असतो. तो वगळला तर कुणी भांडत नाही, पण ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर पडणारा फरक दिसतो. आभारासाठी "तॉ च़े" असाही शब्द पुस्तकात सापडेल. तो भेटवस्तू, पाहुणचार किंवा कौतुक यांसाठीचा आहे, वाट दिल्याबद्दलचा नाही.

खांद्याला हात लावून किंवा पाठीवर टिचकी मारून सरकायला सांगणे टाळावे. संबोधनाच्या बाबतीतही सुरुवातीला संयम बरा. इथे उपाहारगृहात वाढणाऱ्या बाईंना "आ च़े", म्हणजे ताई, आणि चालकाला किंवा कारागिराला "सी फू" म्हणण्याची पद्धत आहे. परंतु अनोळखी बाईंना "आ फॉ", म्हणजे आजी, म्हटले आणि त्यांनी स्वतःला अजून आजी मानलेले नसले तर वाट मिळेल ती रागाच्या कटाक्षासकट. नुसता "म् कॉय" कुठल्याही वयाला चालतो.

तिसरी पायरी: मेट्रो आणि सरकते जिने

एमटीआर ही इथली मेट्रो १९७९मध्ये सुरू झाली, आणि अॅडमिरल्टी स्थानकात आज तिच्या चार मार्गिका एकत्र येत असल्याने संध्याकाळच्या वेळी तिथे उतरणे हा चांगला सराव ठरतो. मुंबईच्या लोकलची सवय असलेला माणूस एक स्थानक आधीच दाराच्या दिशेने सरकतो आणि पुढच्याला "उतरणार का?" असे विचारतो. इथे तसे विचारण्याची गरज पडत नाही. गाडी थांबत आली की "म् कॉय" म्हणावे आणि दार उघडल्यावर, पुढचे हलत नसतील तरच, "म् कॉय, लॉक छे" असे म्हणावे. "लॉक छे" म्हणजे उतरणे. यातला "लॉक"चा शेवटचा क् जिभेवरच अडवायचा, सोडायचा नाही, आणि "छे"तला छ दंत्य ठेवायचा. दाराजवळ उभे असलेल्यांपैकी काही जण स्वतःच फलाटावर उतरून वाट देतात व पुन्हा आत येतात; आपण दाराशी असू तर आपणही तसेच करावे.

दारे मिटताना ध्वनिक्षेपकावर "छिङ मत् खाव कन छे मून" हे वाक्य लागते, म्हणजे दारांपासून दूर उभे राहा. ("ङ"चा उच्चार "गंगा" या शब्दातल्या अनुस्वारासारखा आहे, त्याच्यामागून "ग" येऊ द्यायचा नाही.) हे लिखित वळणाचे, औपचारिक वाक्य आहे. सुरांच्या सरावासाठी ते उत्तम, कारण ते रोज फुकट आणि स्पष्ट ऐकायला मिळते. मात्र शेजारच्या प्रवाशाला उद्देशून ते म्हटले तर तो हसेल.

सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहायचे आणि डावी बाजू चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवायची, असा लोकांचा रिवाज आहे. मेट्रोचे प्रशासन मात्र कठडा धरून स्थिर उभे राहा असे सांगत असते, त्यामुळे डावीकडे उभ्या असलेल्या माणसाला आपण नियम मोडतो आहोत असे वाटत नाही, आणि त्याला सुनावण्याचा अधिकारही आपल्याला नाही. तिथे पूर्ण वाक्यही नको, खालच्या आवाजातला एकच "म् कॉय" पुरे. सेंट्रलहून मिड-लेव्हल्सच्या चढावर नेणारी, १९९३मध्ये उघडलेली सुमारे ८०० मीटरची सरकत्या जिन्यांची रांग या रिवाजाचा खरा कस पाहते. ती सकाळी दहापर्यंत खाली येते आणि त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत वर जाते. सकाळी कार्यालयाकडे निघालेली माणसे तिच्यावरून भराभर चालत उतरत असतात, आणि डावीकडे फोन पाहत उभ्या राहिलेल्या नवख्याच्या पाठीमागे "म् कॉय"ची माळ लागते.

चौथी पायरी: मिनीबस, बस आणि ट्राम

मिनीबसमध्ये उभे राहून प्रवास करण्यास मनाई आहे. पूर्वी सोळा आणि २०१७पासून एकोणीस आसनांची परवानगी असलेल्या या छोट्या गाड्यांत अडचण येते ती खिडकीकडच्या आसनावरून बाहेर पडताना. आधी चालकाला सांगावे लागते, कारण जुन्या गाड्यांत आणि विशेषतः लाल मिनीबसमध्ये घंटीचे बटण असेलच असे नाही. त्यासाठीचे शब्द "यउ लॉक", म्हणजे कुणी उतरणार आहे, आणि त्याआधी ठिकाण जोडायचे: "पा सी च़ाम यउ लॉक", म्हणजे बसथांब्यावर उतरायचे आहे. हे मात्र खणखणीत म्हणावे, कारण ते इंजिनाच्या आवाजातून पुढे पोचायचे असते. चालक बहुधा तोंडाने काही बोलत नाही, एक हात किंचित वर करतो. तो हात दिसला की निरोप पोचला. हात दिसला नाही तर पुन्हा सांगावे. मग शेजारच्याकडे वळून हळू आवाजात "म् कॉय" म्हणावे. तो एकतर गुडघे वाटेच्या बाजूला वळवतो किंवा उठून उभा राहतो. गुडघे वळवले म्हणजे आपण मधून निघावे अशी अपेक्षा असते, त्याने उठावे म्हणून थांबून राहू नये. पाठीवरची पिशवी आधीच हातात घेतलेली बरी, नाहीतर ती पुढच्या आसनावरच्या डोक्याला लागते.

मोठ्या बसमध्ये खालच्या मजल्यावर दाराशीच घोळका होतो, तेव्हा चालक किंवा मागून चढणारा प्रवासी "म् कॉय, हाङ यप ती" असे म्हणतो, म्हणजे थोडे आत सरका. हे वाक्य आपण म्हणण्याचा प्रसंग क्वचितच येईल, पण ऐकून समजायला हवे. ते ऐकूनही जागच्या जागी उभा राहणारा परदेशी माणूस सगळ्या बसच्या नजरेत येतो.

हाँगकाँग बेटावर १९०४पासून ट्राम धावते आहे, आणि आज ती दुमजली आहे. तिच्यात मागच्या दाराने चढायचे, पुढच्या दाराने उतरायचे आणि पैसे उतरतानाच द्यायचे अशी रीत आहे, म्हणजे प्रत्येक प्रवाशाला गाडीची सगळी लांबी गर्दीतून ओलांडावीच लागते. म्हणून आपल्या थांब्याच्या एक थांबा आधी निघावे, पाकिटातले ऑक्टोपस कार्ड, म्हणजे भाडे भरायचे कार्ड, हातात ठेवावे, आणि दर दोन माणसांमागे "म् कॉय च़े च़े" म्हणत पुढे सरकावे. वरच्या मजल्यावरून येणाऱ्यांनी जिन्याच्या तोंडाशी हा बोल थोडा मोठ्याने म्हणावा, कारण जिना अरुंद आहे आणि खालून चढणाऱ्याला वरचा माणूस दिसत नाही.

पाचवी पायरी: लिफ्ट

लिफ्टमधून बाहेर पडताना केवळ "म् कॉय" म्हटले की दाराशी असलेली माणसे बाहेर उतरून वाट देतात. आत शिरण्यासाठी थांबवायचे असेल तर "म् कॉय, तङ तङ", म्हणजे जरा थांबा. हे वेळेत म्हणावे लागते, कारण आत गेलेल्या माणसाचा हात सवयीने दार मिटण्याच्या बटणावर जातो. त्यात उद्धटपणा नसतो. मराठी मंडळी डाळी आणि मसाले आणायला चिमसाचुईच्या ज्या चुंगकिंग मॅन्शन्समध्ये हमखास जातात, त्या १९६१ सालच्या सतरा मजली इमारतीतल्या लिफ्ट लहान आणि रांगा मोठ्या असतात. तिथे मात्र हिंदी, उर्दू, इंग्रजी असे काहीही चालते.

सहावी पायरी: बाजार

ताज्या भाजीचा आणि मासळीचा बाजार हे या विषयाचे खरे विद्यापीठ आहे, कारण तिथे वाट मागणारा प्रत्येक जण वेगळ्या पद्धतीने मागतो. नॉर्थ पॉइंटच्या छुन यङ रस्त्यावर तर ट्रामच वाट मागते. दोन्ही बाजूंना भाजी, फळे आणि कपड्यांचे ठेले, मध्ये रुळांवर पिशव्या घेऊन निवांत चालणारी गिऱ्हाइके, आणि त्यांच्यामधून शेवटच्या थांब्याकडे गोगलगायीच्या चालीने येणारी दुमजली गाडी. चालक पायाने घंटा वाजवतो, लोक घाई न करता दोन बाजूंना होतात, ट्राम अंगावरून वारा घालत जाते, आणि तिच्या पाठीमागे रूळ लगेच पुन्हा माणसांनी भरतात. त्या घंटेवरूनच इथले लोक ट्रामला "तिङ तिङ" म्हणतात. ही घंटा ऐकली की आधी पाय कुठे आहेत ते पाहावे आणि फोटो नंतर काढावा.

बाजारातले हमाल आणि ढकलगाडीवाले "म् कॉय च़े च़े" म्हणतातच, पण गाडी जड असली की त्याला "थय छे" जोडतात, म्हणजे गाडी येतेय, बघा. हे ऐकल्यावर मागे वळून पाहण्यात वेळ घालवू नये. जवळच्या ठेल्याच्या दिशेने एक पाऊल टाकावे आणि गाडी जाऊ द्यावी. मधोमध थांबून कुठल्या बाजूला व्हावे याचा विचार करणारा माणूस सर्वांत जास्त अडचण करतो. आणखी एक आरोळी ओळखून ठेवण्याजोगी आहे: "क्वन स्यॉय", म्हणजे उकळते पाणी. उपाहारगृहातले वाढपी आणि बाजारातले हमाल ती देतात, आणि बऱ्याचदा त्यांच्या हातात पाणी नसतेच, रिकाम्या थाळ्यांची चळत किंवा बर्फाची पेटी असते. युक्ती सर्वांना ठाऊक आहे, तरीही सगळे सरकतात, कारण एखाद्या वेळी खरोखरच उकळते पाणी असू शकते. नवख्याने स्वतः ही आरोळी देऊ नये. कामाने घाम गाळणाऱ्यांचा तो मान आहे.

ओल्या फरशीवर गिऱ्हाइकाच्या पलीकडची भाजी घ्यायची असेल, किंवा कुणी थोडेसेच सरकले की काम होणार असेल, तर "म् कॉय, च़े मे ती" म्हणावे, म्हणजे किंचित बाजूला व्हा. "ती" हा "थोडे"साठीचा प्रत्यय अनेक वाक्यांना मऊपणा देतो आणि मराठीतल्या "जरा"चे काम करतो. फक्त तो वाक्याच्या शेवटी येतो, "जरा" सुरुवातीला येतो.

सातवी पायरी: खाण्याची ठिकाणे

दुपारच्या वेळी छोट्या उपाहारगृहांत अनोळखी माणसांबरोबर एकाच टेबलावर बसवले जाते. त्याला "ताप थॉय" म्हणतात, आणि त्याला नकार दिला तर दाराबाहेर थांबावे लागते. बसताना मान किंचित लववणे पुरते, संभाषणाची अपेक्षा नसते. पेच पडतो तो समोरासमोरच्या बाकांवर भिंतीकडच्या बाजूला बसल्यावर, कारण बाहेर पडण्यासाठी जेवणाऱ्या माणसाला उठवावे लागते. तिथे नुसता "म् कॉय" कोरडा वाटतो. आधी "म् होउ यी सी" म्हणावे, म्हणजे माफ करा, संकोच वाटतो, आणि मग "च़े च़े". त्याचा घास तोंडात असेल तर तो संपू द्यावा. कपात चहा असेल तर तो खाली ठेवू द्यावा. रिकाम्या खुर्चीवर कुणाची पिशवी ठेवलेली दिसली तर ती सरकवायला सांगण्याऐवजी "यउ मोउ यन छॉ?", म्हणजे इथे कुणी बसले आहे का, असे विचारावे. पिशवी आपोआप उचलली जाते आणि कुणाला कमीपणा येत नाही.

धक्का लागला तर, आणि काय म्हणू नये

किरकोळ स्पर्शाला "म् होउ यी सी" पुरते. पायावर पाय पडला, चहा सांडला किंवा सामानाचे चाक कुणाच्या पावलावरून गेले तर "त्यॉय म् च्यू" म्हणावे; हे अधिक वजनाचे आहे. वाट मागण्यासाठी मात्र ते वापरू नये, अपराध करण्यापूर्वीच क्षमा मागितल्यासारखे ते विचित्र वाटते.

"हाङ हॉय" म्हणजे चालते व्हा आणि "लान हॉय" म्हणजे त्याहून बरेच वाईट. चित्रपटांतून आणि गल्लीतल्या भांडणांतून हे दोन्ही कानावर पडतात आणि उच्चाराला सोपे असल्याने जिभेवर चटकन बसतात, म्हणून मुद्दाम सांगावेसे वाटते की ते समजावेत पण म्हणू नयेत. पदपथावर चौघे-पाचजण ओळीने गप्पा मारत चाललात आणि मागून कुणी "पृथ्वीचे फिरणे अडवताय" अशा अर्थाचे काही पुटपुटले, तर ती इथली प्रसिद्ध तिरकस बोली आहे आणि रोख आपल्याकडेच आहे. आपल्याकडच्या मंडळींना घोळक्याने चालण्याची फार हौस, आणि मॉंगकॉकच्या पदपथाची रुंदी ती हौस पुरवण्याइतकी नसते; दोघादोघांनी मागेपुढे चालावे.

सरावासाठी क्रम लावायचा असेल तर लिफ्ट, मग सरकता जिना, मग मेट्रो, ट्राम आणि सर्वांत शेवटी बाजार असा लावावा, कारण लिफ्टमध्ये बोल चुकला तरी दार उघडल्यावर लोक वाट देणारच असतात, आणि बाजारात मात्र एका दमात, न अडखळता म्हणावे लागते. पुढे कधीतरी आपणच कुणासाठी लिफ्टचे दार धरून ठेवाल आणि तो "म् कॉय साय", म्हणजे खूप आभार, असे म्हणेल. त्याला उत्तर "म् सय", म्हणजे त्याची गरज नाही. "साय"मधला आ लांब आणि "सय"मधला अ आखूड ठेवावा; दोन्हींची अदलाबदल होऊ देऊ नये.